कर्तृत्व आणि कृतार्थता

आमच्या भागातील एका शाळेत चाळीस वर्षे संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींचा सत्कार काही वर्षांपूर्वी झाला, त्या समारंभास आम्ही हजर होतो. हार, श्रीफळ, शाल हे सर्व यथासांग झाले आणि भाषणांना सुरुवात झाली, तेव्हा वक्त्यांची अडचण आमच्या ध्यानात आली. गुरुजींच्या नावावर एकही ध्वनिमुद्रिका नव्हती, एखादे पारितोषिक नव्हते, मोठ्या शहरातील मैफल नव्हती. मग बोलायचे कशावर? एका वक्त्यांनी, 'संधी मिळती तर गुरुजी फार मोठे गवई झाले असते' असे सांगून टाळ्या घेतल्या. आणि गौरवाच्या भरात आपण एका माणसाच्या साऱ्या आयुष्यावर अपयशाचा शेरा मारीत आहोत, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. गुरुजी उत्तरादाखल उभे राहिले आणि 'माझ्या हातून विशेष असे काही झाले नाही' एवढेच म्हणून खाली बसले. सभेला तो त्यांचा विनय वाटला. तो विनय होता की ती कबुली होती, ह्याचा उलगडा आम्हांला अद्याप झालेला नाही.

माणसाचे आयुष्य सार्थकी लागले की नाही, हे ठरवायचे कशावरून? त्याने काय केले, किती केले, जगाने त्याची दखल घेतली की नाही, ह्यावरून? व्यवहारात आपण सर्व हेच माप वापरतो. मुलांच्या परीक्षांपासून मृत्युलेखांपर्यंत ह्याच मापाचा अंमल चालतो. हे माप खोटे आहे असे म्हणण्यास फारसे धैर्य लागत नाही. कीर्तनात आणि प्रवचनात ते रोज म्हटले जाते. परंतु म्हणणारा स्वतः त्या मापाने भरघोस उतरलेला असेल आणि तरीही त्याच्या मनात ही शंका उठली असेल, तर त्याचे म्हणणे थोडे थांबून ऐकावेसे वाटते. असा एक मनुष्य आजच्या काळात आहे, आणि तो तत्त्वज्ञ किंवा संत नसून मुलांसाठी चित्रपट काढणारा दिग्दर्शक आहे. त्याचे नाव पीट डॉक्टर. त्याच्या कारकीर्दीच्या निमित्ताने ह्या जुन्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉक्टर हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे. ब्लूमिंग्टन ह्या गावी १९६८ साली त्यांचा जन्म झाला. घर संगीताचे: आई संगीतशिक्षिका, वडील महाविद्यालयात वृंदगायनाचे शिक्षक, आणि दोघी बहिणी पुढे व्यावसायिक वादक झालेल्या. मुलाला मात्र चित्रांचा नाद लागला. कॅलिफोर्नियातील 'कॅलआर्ट्स' ह्या कलासंस्थेत शिक्षण पुरे करून १९९० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते पिक्सार नावाच्या कंपनीत दाखल झाले. ती तेव्हा अगदी लहान होती. संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण लांबीचा चित्रपट करता येईल, ही कल्पना त्या काळी बहुतेकांना हास्यास्पद वाटे. पाच वर्षांनी, १९९५ च्या नोव्हेंबरात, जॉन लॅसेटर ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'टॉय स्टोरी' प्रदर्शित झाला आणि संपूर्णपणे संगणकावर निर्माण झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्या कथेत आणि त्यातील पात्रांना चालते-बोलते करण्यात डॉक्टरांचा मोठा वाटा होता.

ह्या कलेचे स्वरूप ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात. म्हणजे दीड तासाच्या चित्रपटास सव्वा लाखाहून अधिक चित्रे लागतात. जुन्या पद्धतीत ही चित्रे हाताने काढीत. नव्या पद्धतीत पात्राची आकृती संगणकात त्रिमिती स्वरूपात घडवितात, तिच्यात हाडे, सांधे, स्नायू कल्पून कळसूत्री बाहुलीसारख्या अदृश्य दोऱ्या बसवितात आणि कलावंत त्या दोऱ्या क्षणाक्षणाला हलवून पात्राला अभिनय करावयास लावतो. मग प्रकाश कोठून येतो, कापडावर तो कसा पसरतो, छाया कोठे पडते, ह्याचे गणित यंत्र करते. ह्या गणिताला एकेका चित्रामागे कित्येक तास लागतात. 'मॉन्स्टर्स, इंक.' ह्या २००१ सालच्या चित्रपटातील केसाळ राक्षसाच्या अंगावर तेवीस लाखांवर केस होते आणि प्रत्येक केस वाऱ्याने व हालचालीने हलला पाहिजे अशी योजना होती. दहा सेकंदांच्या दृश्यामागे आठवड्यांचे श्रम असतात आणि प्रेक्षकाला त्यांतला एकही तास दिसत नाही. अशा चित्रपटावर शेकडो माणसे चार-पाच वर्षे खपतात; त्यांतल्या बहुतेकांचे नाव अखेरच्या श्रेयनामावलीत क्षणभर वर सरकते आणि नाहीसे होते. दिग्दर्शकाचे 'कर्तृत्व' म्हणून जे आपण म्हणतो, ते प्रत्यक्षात ह्या अनामिकांच्या खांद्यावर उभे असते. ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

'मॉन्स्टर्स, इंक.' हा डॉक्टरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्यातील राक्षसांच्या नगरीला वीज मिळते ती मुलांच्या किंकाळ्यांतून, आणि म्हणून रात्री मुलांच्या खोल्यांत शिरून त्यांना भिववणे हा तेथला प्रतिष्ठेचा धंदा आहे. सली हा त्या धंद्यातला अग्रणी; रोज सर्वांत अधिक किंकाळ्या गोळा करण्याचा मान त्याच्याकडे. एक लहान मुलगी चुकून त्याच्या मागोमाग येते. तिच्या सहवासात त्याला प्रथमच दिसते की, ज्या गुणासाठी आपला गौरव होतो तो गुण समोरच्या जीवाला कसा भासतो. मुलांच्या हसण्यात किंकाळीपेक्षा दसपट शक्ती असते, हा शोध पुढे लागतो. परंतु आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा क्षण. कर्तृत्वाच्या फलकावर पहिले नाव असलेला मनुष्य त्या फलकाची किंमत कोणी चुकविली, हे त्या क्षणी पाहतो.

'अप' (२००९) मध्ये हाच विचार अधिक मृदू झाला आहे. कार्ल आणि एली लहानपणी ठरवितात की, दक्षिण अमेरिकेतील एका दुर्गम धबधब्यापर्यंत जायचे. लग्न होते, संसार होतो. साठविलेले पैसे कधी गाडीच्या चाकाला, कधी मोडलेल्या पायाला, कधी घराच्या छपराला लागतात. मूल होत नाही. आणि प्रवासाची तिकिटे हातात येईतो एली आजारी पडून निघून जाते. हा सारा संसार दिग्दर्शकाने सुमारे चार मिनिटांत, एकही शब्द न बोलता, दाखविला आहे. पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कार्ल हजारो फुगे बांधून घरासकट उडतो व त्या धबधब्यापाशी पोहोचतो. आणि पोहोचल्यावर? पोहोचल्यावर त्याच्या हाती काही लागत नाही. तेव्हा तो एलीची जुनी वही उघडतो. 'मी करणार असलेल्या गोष्टी' म्हणून राखून ठेवलेली पाने कोरीच असतील, ह्या दुःखाने त्याने ती इतकी वर्षे पाहिलेली नसतात. ती पाने एलीने त्यांच्या नित्याच्या संसाराच्या छायाचित्रांनी भरून ठेवली आहेत. जे साहस राहून गेले म्हणून तो झुरत होता, ते तिच्या हिशेबी केव्हाच पार पडले होते. कान महोत्सवाचे उद्घाटन ह्या चित्रपटाने झाले. ॲनिमेशनपटाला तो मान प्रथमच मिळाला. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिकही त्यास लाभले.

ह्यानंतरची हकीकत स्वतः डॉक्टरांनी अनेकदा सांगितली आहे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची होता होता अबोल झाली. पूर्वीची खोडकर, बडबडी मुलगी कोठे गेली, असा प्रश्न बापाला पडला. लहानपणी कुटुंबासमवेत काही काळ डेन्मार्कला राहावे लागले, तेव्हाचे स्वतःचे एकटेपणही त्यांना आठवले. ह्यातून 'इनसाइड आउट' निघाला. एका मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, भय, राग आणि किळस ही पाच पात्रे आहेत आणि तिचे वागणे ती चालवितात, अशी ती कल्पना. पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर ह्या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला. तीन वर्षे काम झाले. कथेत आनंद हे पात्र वाट चुकते तेव्हा त्याच्याबरोबर भय असावे, अशी योजना होती. आणि काही केल्या चित्रपट जमेना.

एका रविवारी डॉक्टर एकटेच फिरावयास गेले. हा चित्रपट फसला, आपण आता राजीनामा द्यावा, आधीचे यश म्हणजे योगायोग असला पाहिजे, असे विचार मनात चालले होते. मग त्यांनी स्वतःला विचारले की, सर्व सोडून जावे लागले तर आपल्याला कशाची उणीव भासेल? घराची? कामाची? उत्तर आले: माणसांची. आणि ज्या माणसांशी आपण घट्ट बांधलो गेलो आहोत, त्यांच्याबरोबर आपण केवळ हसलेलो नाही. त्यांच्यावर रागावलो आहो, त्यांच्यासाठी घाबरलो आहो, आणि त्यांच्याबरोबर रडलो आहो. येथे कथेची गाठ सुटली. आनंदाबरोबर भयाने जाऊन भागणार नाही, दुःखाने गेले पाहिजे. तयार झालेल्या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. मुलीचा बालपणीचा काल्पनिक सवंगडी आपली गाडी नाहीशी झाल्यामुळे खिन्न होऊन बसला आहे. आनंद त्याला गुदगुल्या करून, तोंडे वेडावून हसविण्याची खटपट करते आणि ती व्यर्थ जाते. दुःख त्याच्या शेजारी नुसते बसते, ऐकते, त्याला रडू देते. आणि थोड्या वेळाने तो उठून चालू लागतो. भवभूतीने करुण हाच एक मूळ रस मानला, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकलेले आहे. ह्या प्रसंगात त्या मताचा अर्थ आम्हांला नव्याने कळला, असे सांगण्यास संकोच वाटत नाही.

'इनसाइड आउट' २०१५ साली आला. धंदा, कीर्ती, दुसरे ऑस्कर, सर्व काही मिळाले. मनुष्याने इच्छावे त्याहून अधिक मिळाले. आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच सुमारास त्यांच्या मनात रितेपण आले. हेच करीत राहायचे काय? चित्रपट काढण्यासाठीच आपण जन्मलो, असे इतकी वर्षे समजत होतो ते खरे काय? अपयशाच्या दिवशी असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तो यशाच्या दिवशी पडला, म्हणून त्याचे मोल अधिक. ह्या प्रश्नातून 'सोल' हा चित्रपट उभा राहिला. नाटककार केम्प पॉवर्स त्यात लेखक म्हणून आले आणि पुढे सहदिग्दर्शक झाले. महामारीमुळे २०२० च्या नाताळात तो चित्रपटगृहांऐवजी बहुतेक ठिकाणी लोकांच्या घरांतच प्रदर्शित झाला.

'सोल'चा नायक जो गार्डनर हा न्यूयॉर्कच्या एका शाळेतील संगीतशिक्षक आहे. जाझ पियानोवादक होणे हे त्याचे स्वप्न. मुलांना वाद्यवृंद शिकविणे हा त्याच्या लेखी निव्वळ पोटाचा उद्योग. ज्या दिवशी शाळेत त्याला कायमची नोकरी देऊ करतात, त्याच दिवशी एका प्रख्यात वादिकेच्या संचात वाजविण्याची संधी चालून येते. आणि त्या आनंदात रस्त्याने जाताना तो उघड्या गटारात पडतो. त्याचा आत्मा परलोकाच्या वाटेवरून पळ काढून जन्मापूर्वीच्या जगात पोहोचतो. तेथे नव्या आत्म्यांना स्वभाव मिळतात आणि पृथ्वीवर जाण्याचा परवाना मिळण्यासाठी प्रत्येकाला आपली 'ठिणगी' सापडावी लागते. 'बावीस' नावाच्या आत्म्याला युगे लोटली तरी ती सापडलेली नाही. मदर तेरेसा, कोपर्निकस असे शिक्षकही हरले. घोटाळ्याने 'बावीस' जोच्या शरीरात शिरते आणि जो एका मांजराच्या. मग प्रथमच देह मिळालेला हा आत्मा पोळीसारख्या पिझ्झाचा तुकडा चाखतो, भुयारी रेल्वेच्या फलाटावर गाणाऱ्याचे गाणे ऐकतो, झाडावरून गरगरत उतरणारे बी तळहातावर झेलतो. जगावेसे वाटण्यास त्याला तेवढे पुरते. जो मात्र समजावून सांगतो की, ह्याला जीवनाचे प्रयोजन म्हणत नाहीत. हे नुसते जगणे आहे.

पुढे जोला देह परत मिळतो, मैफल होते, ती विलक्षण रंगते. बाहेर आल्यावर तो वादिकेला विचारतो, आता पुढे काय? उद्या रात्री यायचे आणि पुन्हा वाजवायचे, असे उत्तर मिळते. ज्या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली तो दिवस उजाडला, मावळला आणि मनात काही बदलले नाही. तेव्हा ती त्याला एका माशाची गोष्ट सांगते. तो समुद्र शोधीत होता आणि समुद्रातच पोहत होता. घरी येऊन जो खिशातील वस्तू पियानोवर मांडतो: पिझ्झाचा उरलेला काठ, दोऱ्याचे रीळ, ते झाडाचे बी. आणि त्यांच्याकडे पाहत तो वाजवू लागतो. पियानोवर फिरणारी ती बोटे प्रत्यक्षात जॉन बॅटिस्ट ह्या वादकाच्या बोटांवरून घेतलेली आहेत. स्वर आणि पट्टी ह्यांत चूक राहू नये म्हणून त्यांच्या वादनाचे चित्रण करून कलावंतांनी ती बसविली. 'सोल'ला २०२१ साली दोन ऑस्कर मिळाली, आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे पारितोषिक तीनदा मिळविणारे पहिले दिग्दर्शक म्हणून डॉक्टरांची नोंद झाली. कर्तृत्व हे जीवनाचे माप नव्हे, असे सांगणाऱ्या चित्रपटाने त्यांच्या कर्तृत्वात अशी भर घातली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ह्यात नवे ते काय? फलाची आशा न धरता कर्म करावे, हे गीतेने सांगितले आहे. आणि सावता माळ्याला मळ्यातील भाजीतच विठ्ठल दिसला, हे आमच्या घरोघरी ठाऊक आहे. ही गोष्ट खरी आहे. परंतु आमच्याकडे हे आधीच सांगून ठेवले आहे, एवढे म्हणून मोकळे होण्याची जी आपल्याला सवय जडली आहे, तिच्यात विचार टाळण्याची सोय अधिक असते. शिवाय दोहोंत भेदही आहे. गीतेतील उपदेश कर्तव्यापुढे हातपाय गळालेल्या योद्ध्याला केलेला आहे. तो त्याला कर्माकडे परत नेतो. जो गार्डनरला कर्माचा कंटाळा मुळीच नाही. उलट एका कर्माच्या ध्यासात त्याला बाकीचे सारे आयुष्य दिसेनासे झाले आहे. केस कापणारा त्याचा न्हावी पशुवैद्य होऊ इच्छीत होता, हे इतक्या वर्षांत जोला ठाऊक नाही, कारण त्याने कधी विचारलेच नाही. कर्मफळाचा त्याग ही एक गोष्ट आणि समोरच्या माणसाकडे लक्ष जाणे ही दुसरी. पहिली साधूनही मनुष्य दुसरीला मुकू शकतो.

याहून अवघड आक्षेप निराळे आहेत, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला असा: तीन ऑस्कर घरात असलेल्या माणसाने कर्तृत्वाची असारता सांगणे सोपे आहे. ज्याचे पोट भरले आहे त्याने उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच ते नव्हे काय? ह्याला आमचे उत्तर असे की, ही गोष्ट सांगण्याचा अधिकार एका अर्थी त्यालाच आहे. ज्याला द्राक्षे मिळाली नाहीत त्याने ती आंबट म्हटली तर जग हसते. ज्याने ती पोटभर खाल्ली तो म्हणतो की भूक द्राक्षांची नव्हती, तेव्हा निदान ऐकून घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जो गार्डनर हा कृष्णवर्णीय आहे. कृष्णवर्णीय नायक असलेला हा पिक्सारचा पहिला चित्रपट, आणि त्यातला बराच काळ त्याच्या देहात दुसराच आत्मा वावरतो, ह्याबद्दल अमेरिकेतील काही समीक्षकांनी तीव्र नापसंती दर्शविली. तिच्या पाठीमागे जो प्रश्न उभा आहे तो केवळ अमेरिकेचा नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या संधी नाकारली गेली, त्यांना, कर्तृत्वात काय आहे, झाडाचे पान पाहा आणि तृप्त व्हा, असे सांगावे काय? आपल्या समाजातही समाधानाचा उपदेश बहुधा वरून खाली झालेला आहे. धन्याने कुळाला केला, पुरुषाने स्त्रीला केला, शिकलेल्याने न शिकलेल्याला केला. असा उपदेश शब्दशः खरा असला तरी त्या मुखी तो असत्य होतो. म्हणून ह्या बाबतीत आम्ही एक मर्यादा मानतो. समाधान ही वस्तू मनुष्याने स्वतःसाठी मिळवावी. दुसऱ्याच्या ताटात ती भाकरीच्या जागी वाढू नये. 'सोल' ही मर्यादा बऱ्याच अंशी सांभाळतो, असे आमचे मत आहे. कारण जोला पियानो सोडावा लागत नाही, त्याची मैफल होते, आणि मगच तो त्या मैफलीची किंमत ठरवितो. पुढे तो शाळेत शिकवितो की रंगमंचावर वाजवितो, हे चित्रपट सांगत नाही. निर्णय त्याचा त्याच्यावर सोपविला आहे.

तिसरी अडचण डॉक्टरांच्या स्वतःच्या पदाने उभी केली आहे. पिक्सारची कलाविषयक धुरा ज्यांच्याकडे होती ते लॅसेटर, त्यांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी पुढे आल्यानंतर २०१८ साली बाजूला झाले आणि ती धुरा डॉक्टरांकडे आली. एका अर्थी ह्या घटनेनेच आमच्या प्रश्नाचे एक अंग उघड केले: थोर निर्मिती ही थोर वर्तनाची हमी देत नाही. परंतु संस्थेच्या प्रमुखाला हिशेब चुकत नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात पिक्सारने सुमारे पावणेदोनशे माणसांना, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या सातव्या हिश्शाला, कामावरून कमी केले. पुढल्याच महिन्यात आलेल्या 'इनसाइड आउट २'ने (दिग्दर्शक केल्सी मान) जगभर दीड अब्ज डॉलरांहून अधिक मिळविले. हा निर्णय एकट्या डॉक्टरांचा होता, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या कंपनीत निर्णय अनेक दारांतून फिरून येतात. तथापि मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, असे ज्या संस्थेने पडद्यावर सांगितले, तिच्याच कचेरीत मोल उपयोगावर ठरावे, ह्यातील विसंगती झाकण्याचे कारण नाही. तिने चित्रपटातील विचार खोटा ठरत नाही. तो विचार आचरणे किती कठीण आहे, एवढे मात्र दिसून येते. आणि ज्याला ते साधले नाही त्याच्याकडे बोट दाखविताना आपलेही तीन बोटे आपल्याकडे वळतात.

जो गार्डनरची गोष्ट पाहताना आम्हांला गोव्याची आठवण झाली, ती उगीच नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून संगीताचे धडे दिले जात. तेथला 'मेस्त' मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवी. ह्या शाळांतून तयार झालेले वादक पुढे मुंबईस गेले. तेथील जाझच्या ताफ्यांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी अर्धे शतक गाजविले. त्यांच्यातले थोडे नावाने ओळखले जातात, बाकीच्यांच्या सुरांवर देश डोलला आणि नावे कोणी विचारली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्या थोड्यांपैकी एक. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात आणावेत, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती; त्यासाठी १९५८ साली त्यांनी मोठा वाद्यवृंद उभारून कार्यक्रमही केले. तो प्रयत्न फार काळ टिकला नाही. पण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या एका शिष्याने, प्यारेलाल ह्यांनी, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, आणि ते नाव ज्यांनी व्हायोलिन कधी पाहिलेही नाही अशा लोकांच्या तोंडी बसले. कर्तृत्वाच्या वहीत ही नोंद कोणत्या रकान्यात करावी? जे योजिले होते ते निसटले. आणि जे सहज दिले गेले ते उरले. आणि अँथनी गोन्साल्विसांना ज्यांनी पहिली स्वरलिपी शिकविली, त्यांच्यासारख्या मेस्तांच्या नावे तर कोणतेच गाणे नाही.

ह्या सर्व विवेचनातून आमच्या हाती जे लागते ते थोडक्यात असे. कर्तृत्व ही खोटी वस्तू नव्हे. पूल बांधणाऱ्याने तो पक्का बांधला की नाही, वैद्याने रोगी वाचविला की नाही, दिग्दर्शकाने चित्रपट चांगला काढला की नाही, हे समाजाने पाहिलेच पाहिजे. अन्यथा कामचुकारपणाला अध्यात्माचे आवरण मिळेल. परंतु कर्तृत्वाची वही जगाच्या हाती असते. तीत जगाला जे लागले तेवढेच लिहिले जाते. कृतार्थता म्हणजे आपण जगलो त्याला आपले मन होकार देते काय, हा प्रश्न. आणि त्याचे उत्तर त्या वहीत मिळत नाही. एलीने ते आपल्या वहीत लिहिले होते, आणि तिच्या नवऱ्याने ती वही उघडण्याचे धैर्य केले नव्हते. जगाची वही हीच आपलीही वही, असे मानण्यात माणसाची फसगत आहे. आणि दुसऱ्याचे आयुष्य त्या एकाच वहीवरून वाचण्यात अन्याय आहे. पहिल्या चुकीची शिक्षा आपली आपल्याला मिळते. दुसरीची मात्र निरपराधाला भोगावी लागते.

म्हणूनच आम्हांला त्या सत्कारसमारंभाची रुखरुख वाटते. त्या दिवशी सभेत गुरुजींचे दोन-तीनशे विद्यार्थी तरी बसले असतील. त्यांतला कोणी गवई झाला नव्हता. एक जण टपालखात्यात होता, एक बाई दवाखान्यात परिचारिका, काही शेतकरी, काही दुकानदार. सकाळी दुकान उघडताना त्यांतला एखादा भूप गुणगुणत असेल, रात्रपाळीत त्या बाईंच्या ओठी शाळेतली प्रार्थना येत असेल. हे कोणी बोलले नाही, कारण ही 'कामगिरी' आहे असे कोणास सुचले नाही. आम्हांसही सुचले नाही. आम्हीही टाळ्या वाजविणाऱ्यांत होतो. गुरुजी त्या दिवशी जे म्हणाले तो विनय होता की कबुली, हे आता त्यांना विचारण्याची सोय राहिलेली नाही. पण ती कबुली असेल, तर ती त्यांच्याकडून वदवून घेण्यात त्या सभेचा आणि आमचा हात होता, एवढे आम्ही जाणून आहो. असे गुरुजी आपल्या प्रत्येक गावात अजून आहेत. त्यांच्या समारंभाची वाट न पाहता एखाद्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे आणि त्यांनी शिकविलेले काय आपल्यापाशी उरले आहे, ते त्यांना सांगावे, एवढेच आम्ही वाचकांना सुचवू इच्छितो.